पोल्टावाची सकाळ: स्वीडनचे अजिंक्य मानले जाणारे सैन्य कसे हरले

आजच्या युक्रेनमधल्या पोल्टावा येथे स्वीडन आणि रशिया यांच्यात झालेली लढाई नेमकी कोणत्या दिवशी झाली, या साध्या प्रश्नाची तीन उत्तरे मिळतात आणि तिन्ही बरोबर आहेत. रशियन कागदपत्रांत ती २७ जून १७०९ रोजी झाली, स्वीडिश नोंदींत २८ जूनला, आणि आज आपण वापरतो त्या कालगणनेप्रमाणे ८ जुलैला. रशियात तेव्हा जुनी ज्युलियन कालगणना चालू होती आणि पश्चिम युरोपात बहुतेक ठिकाणी नवी ग्रेगोरियन आली होती. स्वीडनने १७०० साली असे ठरवले होते की नव्या कालगणनेवर एकदम न जाता चाळीस वर्षांत येणारे सगळे लीप दिवस गाळत हळूहळू तिथे पोचायचे. १७०० सालचा लीप दिवस गाळलाही गेला. पण त्याच वर्षी युद्ध सुरू झाले, राजा मोहिमेवर निघून गेला, १७०४ आणि १७०८ साली दिवस गाळायचा राहून गेला, आणि स्वीडन दोन्ही कालगणनांच्या मधे एकटाच अडकून पडला. अखेर १७१२ साली फेब्रुवारी महिन्याला ३० दिवस देऊन हा देश पुन्हा जुन्या कालगणनेवर आला.

हा तपशील मी सुरुवातीलाच सांगतो आहे, कारण पोल्टावाची सारी गोष्ट याच जातीची आहे. बेत चांगला होता, तो अर्ध्यावर सुटला, आणि तो तडीस न्यायचा कोणी हे नेमक्या वेळी कोणालाच ठाऊक नव्हते. या लढाईचे वर्णन बहुधा 'तरुण, अविचारी राजा आणि विशाल रशिया' अशा दोन शब्दांत उरकले जाते. ते खोटे नाही, पण त्यातून समजत काहीच नाही. स्वीडिश शिपायाचे शौर्य त्या सकाळी तसूभरही कमी पडले नव्हते. तुटल्या त्या दोन साखळ्या. एक अन्नधान्य आणि दारूगोळा पोचवणारी, ती आधीचे वर्षभर कडी-कडीने तुटत आली होती. आणि दुसरी वरून खाली आज्ञा पोचवणारी, ती काही तासांत तुटली.

आधी पार्श्वभूमी पाहू. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्वीडन ही उत्तर युरोपातली सर्वांत मोठी सत्ता होती. फिनलंड, आजच्या एस्टोनिया आणि लाटव्हियाचा मोठा भाग, आणि आज जिथे सेंट पीटर्सबर्ग उभे आहे तो नेव्हा नदीच्या मुखाचा प्रदेश, हे सगळे स्वीडनकडे होते. त्यामुळे रशियाला बाल्टिक समुद्राचा किनाराच उरला नव्हता. १६९७ साली बारावा चार्ल्स पंधराव्या वर्षी गादीवर आला, तेव्हा शेजाऱ्यांना ही संधी वाटली. १७०० साली डेन्मार्क, रशियाचा झार पीटर, आणि सॅक्सनी या जर्मन राज्याचा इलेक्टर, म्हणजे शासक, तसेच पोलंडचा राजा असलेला ऑगस्टस, अशा तिघांनी मिळून स्वीडनवर युद्ध लादले. इतिहासात ते 'ग्रेट नॉर्दर्न वॉर' म्हणून ओळखले जाते, आणि ते पुढे एकवीस वर्षे चालले.

चार्ल्सने सुरुवात अशी केली की युरोप थक्क झाला. त्याने डेन्मार्कला काही आठवड्यांत तह करायला लावला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात नार्वा येथे हिमवादळ शत्रूच्या तोंडावर येत असताना हल्ला करून आपल्याहून तिपटीने मोठ्या रशियन सैन्याचा धुव्वा उडवला. तेव्हा तो अवघा अठरा वर्षांचा होता. त्यानंतर रशियाचा पाठलाग करण्याऐवजी तो पोलंडकडे वळला आणि ऑगस्टसला पदच्युत करण्यात सहा वर्षे गुंतला. १७०६ साली आल्टरानश्टेट येथील तहाने ऑगस्टसने पोलंडचा मुकुट सोडला. ही सहा वर्षे पीटरला मिळाली नसती, तर पोल्टावा घडलेच नसते. त्याने चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतल्या, परदेशी अधिकारी नेमले, नवी पायदळे उभी केली, आणि १७०३ साली नेव्हाच्या मुखाशी सेंट पीटर्सबर्गची पायाभरणी केली. ती जागा कायद्याने अजून स्वीडनची होती.

आता स्वीडिश सैन्याविषयी थोडे, कारण ते समजल्याशिवाय त्या सकाळी शिपाई तसे का वागले हे कळणार नाही. स्वीडनमध्ये काही शेतकरी कुटुंबांचा एक गट मिळून एक शिपाई पोसत असे. त्याला राहायला झोपडी आणि कसायला जमिनीचा तुकडा मिळे, आणि युद्ध आले की तो आपल्याच परगण्याच्या रेजिमेंटमध्ये दाखल होई. शेजारचा, ओळखीचा, एकाच चर्चमध्ये जाणारा माणूस शेजारी उभा असे. लढण्याची पद्धत त्या काळच्या मानाने वेगळीच होती. इतर युरोपीय सैन्ये दूर उभी राहून फैरीवर फैरी झाडत. स्वीडिश पायदळ मात्र शत्रूचा गोळीबार अंगावर घेत न थांबता चालत जाई, अगदी चाळीसेक पावलांवर आले की फैर झाडी, आणि तलवारी, संगिनी आणि लांब भाले घेऊन तुटून पडे. पायदळातल्या साधारण तिसऱ्या हिश्शाकडे तर बंदूक नसून भालाच असे. या पद्धतीत तोफखान्याला दुय्यम स्थान होते. सारा भर वेगावर, शिस्तीवर आणि समोरचा आधी कच खाईल या विश्वासावर होता. समोरचा जागचा हलला नाही तर काय करायचे, याचे उत्तर या पद्धतीत नव्हते.

१७०८ साली चार्ल्स मॉस्कोच्या रोखाने निघाला. पीटरने समोरासमोरची मोठी लढाई टाळली आणि दग्धभू धोरण अवलंबिले. स्वीडिश सैन्याच्या वाटेवरचे धान्य, चारा, घरे आणि पूल जाळत रशियन फौजा मागे सरत गेल्या. सप्टेंबरात स्वीडिश सैन्य स्मोलेन्स्कच्या बाजूला पोचले, तेव्हा पुढे क्षितिजावर धूरच धूर दिसत होता. रिगाहून जनरल लेवेनहाउप्ट सुमारे १२,५०० माणसे आणि हजारो गाड्या भरून अन्नधान्य व दारूगोळा घेऊन येत होता. त्याची वाट पाहावी की पुढे जावे? चार्ल्सने तिसरीच वाट धरली. तो दक्षिणेला, युक्रेनच्या सुपीक प्रदेशाकडे वळला. लेवेनहाउप्ट मागून एकटाच चालत राहिला, आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला लेस्नाया या गावाजवळ पीटरने स्वतः त्याला गाठले. दिवसभर लढाई झाली. रात्री लेवेनहाउप्टला उरलेल्या गाड्या जाळून, तोफा टाकून निघावे लागले, आणि तो राजाला मिळाला तेव्हा त्याच्याबरोबर जेमतेम निम्मी माणसे होती आणि रसद नव्हतीच. पीटर पुढे लेस्नायाच्या विजयाला पोल्टावाच्या विजयाची आई म्हणत असे, कारण दोहोंमध्ये बरोबर नऊ महिन्यांचे अंतर होते. मला हे नुसते वाक्चातुर्य वाटत नाही. पहिली साखळी इथेच तुटली.

युक्रेनमध्ये चार्ल्सला आशा होती ती इव्हान माझेपा याची. तो कोसाकांचा, म्हणजे युक्रेनमधल्या लढवय्या घोडेस्वारांच्या समाजाचा, हेटमन अर्थात निवडलेला प्रमुख होता आणि इतकी वर्षे झारशी एकनिष्ठ मानला जाई. पण युद्धाच्या ओझ्याखाली कोसाकांची स्वायत्तता झपाट्याने आक्रसत होती, आणि माझेपाने स्वीडनची बाजू घेतली. त्याच्याबरोबर काही हजारच कोसाक आले. त्याच्या राजधानीत, बातुरिनमध्ये, धान्य आणि तोफांचे मोठे साठे होते. परंतु स्वीडिश सैन्य तिथे पोचण्यापूर्वी पीटरचा विश्वासू सरदार मेन्शिकोव्ह पोचला. त्याने नोव्हेंबरात शहर घेतले, जाळले आणि रहिवाशांची कत्तल केली. युक्रेनमध्ये ती जखम आजही विसरली गेलेली नाही. माझेपा रशियन इतिहासात द्रोही ठरला आणि युक्रेनच्या इतिहासात स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता. याच कारणाने पोल्टावा हे नाव आजही त्या दोन देशांत एकाच सुरात उच्चारले जात नाही.

मग हिवाळा आला, आणि तो साधा हिवाळा नव्हता. १७०८-०९ ची थंडी साऱ्या युरोपात शतकानुशतकांतली सर्वांत कडक थंडी म्हणून नोंदली गेली आहे. व्हेनिसचे खाजणही गोठले होते. हादियाच या छोट्या गावात स्वीडिश सैन्य निवाऱ्याला शिरले, तेव्हा घरे पुरली नाहीत. घोड्यावर बसलेले स्वार बसल्या जागी गोठून मेले, पहारेकरी उभ्या उभ्या गेले, आणि शस्त्रवैद्यांनी हिमदंशाने काळी पडलेली बोटे, पाय आणि हात कापले. या एका हिवाळ्यात हजारो माणसे गेली. वसंतात जे सैन्य उरले ते साधारण २५,००० च्या आसपास होते, त्यात आजारी आणि पांगळेही मोजलेले, आणि मायदेशाहून नवी कुमक येण्याची वाट बंद झालेली होती.

मे महिन्यात चार्ल्सने पोल्टावाला वेढा घातला. व्होर्स्क्ला नदीच्या काठावरचे हे गाव साध्या तटबंदीचे होते, पण आत कर्नल केलिनच्या हाताखाली सुमारे ४,००० शिबंदी आणि शस्त्र धरलेले नागरिक होते. त्यांनी हल्ल्यामागून हल्ले परतवले. स्वीडिशांकडे वेढ्याच्या मोठ्या तोफा नव्हत्या आणि दारू इतकी थोडी होती की भिंतींवर सतत मारा करणे शक्यच नव्हते. गावातले लोक पोकळ तोफगोळ्यांत चिठ्ठ्या घालून ते नदीपलीकडे डागत आणि बाहेरच्या रशियन फौजेला असा निरोप पाठवत. जूनमध्ये त्या चिठ्ठ्यांतून पीटरला कळले की गावातला दारूगोळा संपत आला आहे. लढाई टाळत आलेल्या झारने आता लढायचे ठरवले.

त्याच सुमारास घडलेल्या एका घटनेने सगळे पारडे फिरवले. १७ जूनला (स्वीडिश नोंदींप्रमाणे), आपल्या सत्ताविसाव्या वाढदिवशी, चार्ल्स नदीकाठी पाहणीला गेला असताना एक गोळी त्याच्या डाव्या पायाच्या टाचेतून शिरून अंगठ्याजवळून बाहेर पडली. त्याने कोणाला काही सांगितले नाही. बुटातून रक्त गळताना एका नोकराने पाहिले तेव्हा कुठे ते उघड झाले, आणि त्यानंतरही तो बराच वेळ घोड्यावरून हिंडत राहिला. तळावर परतून घोड्यावरून उतरताना मात्र तो कोसळला. शस्त्रवैद्य फुटलेल्या हाडाचे तुकडे काढायला कचरत होता तेव्हा चार्ल्सनेच त्याला बेधडक कापायला सांगितले. पुढचे काही दिवस ताप इतका होता की तो वाचेल याची खात्री नव्हती. ही बातमी समजल्यावर पीटरचे सैन्य व्होर्स्क्ला ओलांडून पोल्टावाच्या उत्तरेला आले.

राजा घोड्यावर बसू शकत नाही, याचा अर्थ त्या सैन्यात काय होतो, हे इथे नीट समजून घ्यायला हवे. गेली नऊ वर्षे बहुतेक सगळे मोठे निर्णय चार्ल्सने स्वतः, बहुधा कोणालाही न सांगता, घेतले होते. सरदारांत आपसांत वितुष्ट होते, पण राजा समोर असला की ते दबून राही. आता प्रत्यक्ष रणांगणावरची सूत्रे फील्ड मार्शल रेनशोल्डकडे आली आणि पायदळ लेवेनहाउप्टकडे. रेनशोल्ड अनुभवी आणि धडाडीचा सेनानी होता, पण तापट. लेवेनहाउप्ट संशयी आणि दुखावलेला. लेस्नायाचे अपयश त्याच्या माथी होते. दोघे एकमेकांशी धड बोलत नसत.

आता मैदान डोळ्यांसमोर आणू. पीटरने नदीचा उंच कडा पाठीशी घेऊन एक मोठी, चरांनी आणि मातीच्या तटांनी वेढलेली छावणी उभारली होती. छावणीत ४०,००० हून अधिक फौज आणि शंभराच्या आसपास तोफा होत्या. दक्षिणेकडून, म्हणजे स्वीडिश तळाकडून, तिथे यायचे तर दोन रानांमधल्या एका मोकळ्या पट्ट्यातून यावे लागे. तो पट्टा पीटरने मातीचे बंदिस्त मोर्चे बांधून अडवला. सहा मोर्चे पट्ट्याला आडवे, एका रानापासून दुसऱ्यापर्यंत. आणि त्या रांगेच्या मधोमध काटकोनात चार मोर्चे पुढे, स्वीडिशांच्या दिशेने आलेले. वरून पाहिले तर इंग्रजी टी या अक्षरासारखा आकार दिसला असता. पुढे आलेल्या या चार मोर्च्यांचे काम एकच होते: येणाऱ्या सैन्याची दोन भागांत फाळणी करणे. त्यांपैकी सर्वांत पुढचे दोन हल्ल्याच्या रात्रीपर्यंत पुरते बांधूनही झाले नव्हते. मोर्च्यांत सुमारे ४,००० शिपाई होते.

स्वीडिशांचा बेत धाडसी होता, पण वेडेपणाचा नव्हता. अंधारात गुपचूप जवळ जायचे, पहाटेच्या संधिप्रकाशात मोर्च्यांमधून न थांबता धावत निघून जायचे, रशियन घोडदळ उधळून लावायचे, आणि छावणीच्या उत्तरेकडे जाऊन परतीची वाट रोखायची. कड्याला पाठ टेकून बसलेल्या सैन्याला मग एकतर बाहेर येऊन अडचणीत लढावे लागेल, नाहीतर आतच उपाशी मरावे लागेल. वेग हेच शस्त्र असल्याने तोफा जवळजवळ सगळ्या मागे ठेवल्या. बरोबर फक्त चार घेतल्या. हल्ल्यासाठी सुमारे ८,००० पायदळ अठरा पलटणींत आणि जवळपास तितकेच घोडदळ निघाले. बाकीचे वेढ्याच्या चरांत, सामानाच्या राखणीला किंवा नदीकाठच्या ठाण्यांवर होते. सर्वांत महत्त्वाची उणीव अशी की हा बेत मोजक्याच माणसांना ठाऊक होता. पलटणींच्या नायकांना आपण कुठे आणि कशासाठी चाललो आहोत, हे नीट सांगितलेले नव्हते.

मध्यरात्रीनंतर पायदळ ठरल्या जागी गवतात पडून राहिले. चार्ल्सलाही डोलीत घालून आणले होते. त्याच्या एका हाती उपसलेली तलवार होती आणि पायाला पट्ट्या. पण घोडदळ आलेच नाही. अंधारात त्याच्या तुकड्यांची वाट चुकली होती. जूनमधली ती रात्र लहान होती, एकेक मिनिट मोलाचे होते, आणि पुढच्या अर्धवट मोर्च्यांवर काम करणाऱ्या रशियनांच्या कुऱ्हाडींचे ठोके स्पष्ट ऐकू येत होते. घोडदळ पोचेपर्यंत फटफटले. कोणीतरी पाहिले, पिस्तूल उडाले, रशियन नगारे वाजू लागले. अचानक छापा घालण्याचा बेत तिथेच संपला. रेनशोल्डने थोडा वेळ विचार केला आणि हल्ला तसाच पुढे नेला. माघार घेऊन उद्या पुन्हा यावे तर उद्यासाठी खायला काय होते?

पहाटे चारच्या सुमारास पुढे निघालेल्या पायदळाला पहिला मोर्चा लागला, तो त्यांनी घेतला आणि आतल्या कोणालाही जिवंत ठेवले नाही. दुसराही पडला. तिसरा मात्र पुरा बांधलेला आणि भक्कम होता. इथे सैन्याचे दोन तुकडे झाले. काही पलटणी मोर्च्यांना वळसा घालून पुढे निघून गेल्या, कारण बेत तोच होता. मेजर जनरल रोसच्या पलटणी मात्र तिसऱ्या मोर्च्याशी झुंजत राहिल्या, कारण त्यांना तो घ्यायचा आहे असेच वाटत होते. शिड्या नव्हत्या, तट फोडायला तोफा नव्हत्या. शिपाई खंदकात उतरत आणि तटावरून होणाऱ्या गोळीबारात तिथेच पडत. पुन्हा चाल, पुन्हा तेच. रोसजवळ सहा पलटणी, सुमारे २,६०० माणसे जमली होती. त्यातली हजाराहून अधिक तिथेच कामी आली आणि कॅप्टनांपैकी तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरले. नाइलाजाने तो उरलेल्यांना घेऊन रानाच्या कडेला सरकला आणि त्याने मुख्य सैन्य कुठे आहे ते पाहिले, तर ते कुठेच दिसेना.

ज्या पलटणी पुढे गेल्या होत्या त्यांनी आणि घोडदळाने कामगिरी उत्तम केली होती. मेन्शिकोव्हच्या हाताखालचे रशियन घोडदळ उत्तरेकडे हटत होते, आणि लेवेनहाउप्ट काही पलटणींनिशी छावणीच्या दक्षिण बाजूला अगदी तटाजवळ पोचला होता. तो आत शिरण्याच्या तयारीत असताना त्याला मागे फिरून मुख्य सैन्याला मिळण्याचा हुकूम आला. हा हुकूम कोणी दिला, यावर पुढे बराच वाद झाला. रेनशोल्डने तो आपला नसल्याचे सांगितले, आणि लेवेनहाउप्टने तो आल्याचे आयुष्यभर ठासून मांडले. त्याच्या त्या तुटपुंज्या पलटणी आत शिरल्या असत्या तरी छावणी जिंकली असती, असे मला वाटत नाही. पण सेनापती आणि पायदळाचा प्रमुख यांना एकमेकांचे हुकूम माहीत नसावेत, यातच सगळे आले.

सकाळी सहाच्या सुमारास स्वीडिश सैन्य छावणीच्या पश्चिमेला एका सखल जागी गोळा झाले, आणि मोजदाद केल्यावर लक्षात आले की पायदळाचा तिसरा हिस्सा नाहीसा झाला आहे. रोस कुठे आहे? त्याला शोधायला माणसे पाठवली, आणि सैन्य दोन तासांहून अधिक वेळ तिथेच थांबून राहिले. ऊन चढत होते, पाणी नव्हते, रात्रभर झोप नव्हती. तिकडे रोसभोवती रशियनांचा वेढा आवळत गेला. तो लढत लढत दक्षिणेला पोल्टावाच्या बाजूला हटला, आणि शेवटी एका चरात, जेमतेम चारशे माणसे उभी असताना, त्याने शस्त्रे खाली ठेवली. ज्याची वाट पाहण्यात वेळ गेला तो आला नाही, आणि त्या वेळात पीटरने आपले सैन्य छावणीतून बाहेर काढून दोन रांगांत उभे केले.

नऊ वाजून गेल्यावर रेनशोल्डसमोर जे दृश्य होते ते असे: एका बाजूला सुमारे २२,००० रशियन पायदळ, दोन्ही बगलांवर घोडदळ, पलटणींच्या मधे भरलेल्या तोफा. दुसऱ्या बाजूला दहा-बारा स्वीडिश पलटणी, माणसे जेमतेम ४,०००. रशियन रांगेइतकी लांबी भरून काढायची म्हणून स्वीडिशांना आपली एकच पातळ रांग करून पलटणींमध्ये मोकळ्या जागा सोडाव्या लागल्या. मागे दुसरी रांग नव्हती. लेवेनहाउप्टला चाल करण्याचा हुकूम मिळाला, आणि त्याने पुढे लिहून ठेवले आहे की आपण या लोकांना बळी द्यायला नेतो आहोत असे त्याला वाटले. तरी ते निघाले. नगारे वाजत होते आणि ते खांद्यावर बंदुका ठेवून तोफांच्या माऱ्यात सरळ चालत गेले. मैदानाच्या मधोमध माणसे गवतासारखी कापली जात होती, आणि जे उरत ते जागा भरून काढत पुढे जात. उजव्या टोकाच्या गार्ड पलटणींनी तर रशियनांची पहिली रांग रेटून मागे ढकलली आणि काही तोफाही हस्तगत केल्या. पीटर तिथेच होता. एक गोळी त्याच्या टोपीतून गेली, दुसरी खोगिरात रुतली; पण दुसरी रांग त्याने जागेवर धरून ठेवली.

डाव्या टोकाला असे यश मिळाले नाही. तिथल्या पलटणी मधल्या मारातच विरून गेल्या. उजवी बाजू पुढे, डावी मागे, आणि मधे वाढत जाणारी फट. त्या फटीत रशियन घुसले. स्वीडिश घोडदळाने मदतीला धाव घेतली, पण ओबडधोबड जमिनीवर ते वेळेत आणि एकत्र येऊ शकले नाही. अर्ध्या तासाच्या आत रांग कोलमडली. उप्लांडची रेजिमेंट जवळजवळ जागच्या जागी नष्ट झाली. राजाच्या डोलीवर तोफगोळा आदळून ती फुटली आणि तिच्याभोवतीचे बहुतेक रक्षक मारले गेले. चार्ल्सला कसेबसे घोड्यावर घालून बाहेर काढण्यात आले. रेनशोल्ड पकडला गेला. दुपार होण्यापूर्वी सगळे संपले होते. स्वीडनचे जवळजवळ ७,००० मेले आणि २,८०० च्या आसपास कैद झाले. रशियाच्या अधिकृत नोंदीत १,३४५ मृत आणि ३,२९० जखमी आहेत.

त्या दुपारी पीटरने तंबूत मेजवानी दिली आणि कैद स्वीडिश सेनापतींना आपल्याच मेजावर बसवले. युद्धकला शिकवणाऱ्या आपल्या गुरूंच्या नावाने त्याने प्याला उचलला, अशी कथा सांगितली जाते. नार्वापासून लेस्नायापर्यंत त्याचे सैन्य खरोखरच स्वीडिशांकडून मार खात खात शिकले होते, तेव्हा ते म्हणणे मनापासूनचे असावे. त्याच रात्री त्याने लिहिले की सेंट पीटर्सबर्गच्या पायातला अखेरचा दगड आता बसला.

पोल्टावात वाचलेले सैन्य दक्षिणेला पळाले आणि तिसऱ्या दिवशी पेरेवोलोच्ना येथे, व्होर्स्क्ला जिथे नीपर नदीला मिळते तिथे, पोचले. नावा रशियनांनी आधीच जाळून टाकल्या होत्या. जखमी राजा, माझेपा आणि थोडी माणसे मिळतील त्या साधनांनी पलीकडे गेली. मागे लेवेनहाउप्ट आणि सुमारे १४,००० माणसे राहिली. त्यांच्यामागे मेन्शिकोव्ह आला, तो ९,००० च्या आसपास थकलेले घोडेस्वार घेऊन. संख्येने कमी असलेल्या या फौजेपुढे लेवेनहाउप्टने शरणागती पत्करली. त्याआधी त्याने जे केले ते सैन्याच्या इतिहासात क्वचितच घडते. त्याने अधिकाऱ्यांना शिपायांकडे पाठवून तुम्ही लढणार का, असे विचारले. उत्तरे संदिग्ध आली. इतर लढले तर आम्हीही लढू, असे काहींनी सांगितले. ज्या सैन्याला आजवर कधी कोणी काही विचारले नव्हते, त्याला नेमका हा प्रश्न विचारला गेला. स्वीडनच्या मुख्य सैन्याचा अंत रणांगणावर नव्हे, इथे झाला.

चार्ल्स ऑटोमन सुलतानाच्या मुलखात बेंडर येथे पोचला आणि पाच वर्षे सुलतानाच्याच मुलखात राहिला. माझेपा १७०९ सालीच बेंडरमध्ये वारला. डेन्मार्क पुन्हा युद्धात उतरला, ऑगस्टस पोलंडच्या गादीवर परतला, आणि १७१० साली रिगा, व्हिबोर्ग आणि रेव्हल, म्हणजे आजचे टॅलिन, ही तिन्ही बंदरे पीटरने घेतली. तरीही युद्ध संपायला आणखी अकरा वर्षे लागली. १७११ साली प्रूट नदीकाठी तुर्कांनी पीटरलाच कोंडीत पकडले आणि अझोव्ह देऊन त्याला सुटका करून घ्यावी लागली, तेव्हा पोल्टावाने सगळे कायमचे ठरवून टाकले असे म्हणता येत नाही. चार्ल्स १७१८ साली नॉर्वेतल्या फ्रेड्रिकस्टेन किल्ल्यासमोरच्या चरात गोळी लागून मेला. १७२१ साली न्यूस्टाड येथे तह झाला. स्वीडनने बाल्टिकच्या पूर्व किनाऱ्यावरचे प्रांत सोडले, आणि पीटरने त्याच वर्षी सम्राट ही पदवी घेतली.

पकडल्या गेलेल्या हजारो स्वीडिशांपैकी बरेच जण तेव्हाही कैदेतच होते. त्यांना आधी मॉस्कोत विजयमिरवणुकीत चालवले गेले आणि मग देशभर पांगवले गेले. अनेकांची रवानगी सैबेरियातल्या टोबोल्स्कला झाली. कोणी सुतारकाम केले, कोणी विणकाम, कोणी मुलांना शिकवण्यासाठी शाळा काढली. फिलिप योहान फॉन स्ट्रालेनबर्ग या अधिकाऱ्याने सैबेरियाचा अभ्यास करून नकाशा तयार केला, आणि युरोप व आशिया यांच्यातली सीमा उरल पर्वताच्या रेषेने मानावी हा विचार पुढे आणला. शाळेच्या भूगोलात आपण ती सीमा आजही तशीच शिकतो. तोफखान्यातला योहान गुस्ताफ रेनाट आधी रशियनांचा कैदी झाला, मग मध्य आशियातल्या झुंगार लोकांच्या हाती सापडला, आणि त्यांच्याकडे कित्येक वर्षे राहिला. पोल्टावाच्या त्या सकाळनंतर पंचवीस वर्षांनी, १७३४ साली, तो स्टॉकहोमला परतला तेव्हा त्याच्या सामानात मध्य आशियाचे नकाशे होते.